कोणतं मुद्दाम?

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभाग आणि मोडक्या खाटांची खोली यांच्या मधोमध एक अरुंद खोली होती. दारावर पाटी होती, 'जबाब'. पेशंटचे नातेवाईक कधीकधी चुकून आत डोकावायचे आणि आमच्या रिपोर्टचा जबाब इथे मिळेल का, असं विचारायचे. आत बसलेले गृहस्थ चष्म्यावरून बघत शांतपणे सांगायचे, "इथे मिळत नाही. इथे घेतात."

या गृहस्थांना सगळं इस्पितळ पुरस्कर म्हणत असे. ते त्यांचं आडनाव नव्हतं. इस्पितळात काही फुटलं, हरवलं, कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं, की संबंधितांना या खोलीत बोलावलं जाई. माणूस बोलणार, हे लिहिणार, माणूस सही करणार. एकतीस वर्षं त्यांचं हेच काम. माणूस बोलतो तसं लिहायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. बोलण्यातली भाषा घरात ठीक, फायलीत तिची शोभा होते, असं त्यांचं मत. म्हणून कुणी 'बोंबललो' म्हणालं की ते 'उच्च स्वरात सूचना दिली' असं लिहीत, 'आपटलं'चं 'हातातून निसटले' करीत, आणि 'मुद्दाम'चं 'हेतुपुरस्सर'. हा शेवटचा शब्द त्यांच्या विशेष लाडाचा. इतर खात्यांतून येणाऱ्या कागदांत त्याचं शुद्धलेखन चुकलेलं असे, तेव्हा त्यांनी स्वखुशीने एक परिपत्रकच काढलं होतं: 'हेतुपुरस्सर' या शब्दात 'तु' ऱ्हस्व असून 'स्स' जोडाक्षर आहे, कृपया नोंद घ्यावी. नोंद कुणी घेतली नाही. लाँड्रीतल्या मंडळींची मात्र हा शब्द म्हणताना जीभ अडखळायची. त्यांनी आपल्या सोयीने त्याचं 'पुरस्कर' केलं आणि शब्दाच्या मालकालाच चिकटवून टाकलं. नवीन आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी तर पुरस हे गाव नेमकं कुठे आलं, असंही त्यांना आपुलकीने विचारलं होतं.

पुरस्करांचं घर इस्पितळापासून पुढच्या रस्त्याने बारा मिनिटांवर आणि मागच्या गल्लीने एकोणीस मिनिटांवर होतं. गेली नऊ वर्षं ते मागच्या गल्लीने येत-जात. बायकोने एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "सहज."

सहज वगैरे काही नव्हतं. पुढच्या रस्त्यावर, इस्पितळाच्या फाटकासमोर, चाव्या बनवून देणाऱ्याची टपरी होती. हा चावीवाला पूर्वी त्याच फाटकावर वॉचमन होता आणि सगळे त्याला मामा म्हणत. अकरा वर्षं रोज चार वाजून दहा मिनिटांनी पुरस्कर आणि मामा फाटकाजवळच्या बाकावर बसून चहा प्यायचे. फार काही बोलत नसत. मग एका संध्याकाळी भेटीची वेळ संपल्यावर मामांनी लहान फाटक उघडं ठेवलं, आणि त्यातून तिसऱ्या मजल्यावरचा एक पेशंट इस्पितळाच्याच गाऊनमध्ये बाहेर पडला. तीन तास शोधाशोध झाली. गृहस्थ कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे सापडले, दाढी करून घेऊन खुर्चीतच झोपी गेलेले. कुणाचं काही बिघडलं नव्हतं, पण चौकशी झाली. मामांचा जबाब पुरस्करांनी लिहिला. त्यात एक 'हेतुपुरस्सर' होतं, आणि त्यावर मामांची नोकरी गेली. आपण नियमाप्रमाणेच लिहिलं, असं पुरस्करांचं म्हणणं होतं. ते म्हणणं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तरी रोज सकाळी मागच्या गल्लीत वळताना ते एकदा स्वतःला सांगून टाकत.

तर या इस्पितळाच्या लाँड्रीतलं मोठं यंत्र एका सोमवारी बंद पडलं. मेकॅनिकने तासभर खटपट केली आणि गाळणीतून एक कवळी बाहेर काढली. वरची, चांगल्या स्थितीतली. दातांनी यंत्र कसं धरून ठेवलं याचं त्याने उपस्थितांना प्रात्यक्षिकही दाखवलं. दीड दिवस चादरी तुंबल्या, दोन ऑपरेशनं पुढे ढकलली गेली, आणि कवळी यंत्रात गेलीच कशी याचा शोध सुरू झाला. ती गाऊनच्या खिशातून गेली होती. आता पेशंटच्या गाऊनला खिसा नसतो. पुढून सपाट, मागून नाड्या, एवढंच त्याचं रूप. स्टोअरकीपरने कपाटं उघडून सगळे गाऊन बाहेर काढायला लावले. तीनशे सोळा गाऊनना आतल्या बाजूने, डावीकडे, चार बोटं रुंद आणि पाऊण वीत खोल असा एकेक खिसा होता. टाके इतके बारीक, की आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

इस्पितळात शिवणयंत्र एकच आणि त्यावर बसणारी बाईही एकच. तिला सगळे शिवणमावशी म्हणत. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, तुटलेल्या नाड्या, सगळं मावशींच्या हातून जायचं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. नवरा गेल्यापासून एकट्याच होत्या आणि इस्पितळामागच्या क्वार्टरमधल्या एका खोलीत राहत होत्या.

पुढच्या सोमवारी मावशी जबाबाच्या खोलीत आल्या त्या गळ्यातली टेप तशीच लटकत ठेवून. पुरस्करांनी त्यांना बसायला सांगितलं आणि छापील फॉर्म पुढे सरकवला. प्रश्न सातवा असा होता: सदर कृत्य (अ) चुकून (ब) निष्काळजीपणे (क) हेतुपुरस्सर घडले.

"मावशी, नीट ऐका," पुरस्कर म्हणाले. त्यांना या बाईबद्दल आदर होता. एकदा त्यांच्या कोटाचं अस्तर तिने असं लावून दिलं होतं, की कोट फाटला पण अस्तर शाबूत राहिलं. "यातल्या एकावर खूण करायची. पहिल्यावर केली तर ताकीद मिळते. ताकीद म्हणजे एक कागद. घरी न्यायचा, ट्रंकेत ठेवायचा, विसरून जायचं."

"दुसऱ्यावर केली तर?"

"बदली."

"आणि हे तिसरं?"

"त्यात नोकरी जाते. क्वार्टरची खोलीही जाते. म्हणून म्हणतो, चुकून लिहू?"

मावशींनी फॉर्मकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तीनशे सोळा?"

"हो."

"साहेब, एखादी बाई एक खिसा चुकून लावेल. जी तीनशे सोळा चुकून लावते, तिला कामावर कुणी ठेवलं याची चौकशी करा."

पुरस्करांनी पेन्सिल खाली ठेवली. हे बोलणं फायलीत घालण्यासारखं नव्हतं.

"मावशी, मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"कळतंय मला. पण मी चाळीस वर्षं मशीनवर बसले. माझा टाका चुकून पडत नाही. आता जाताना कागदावर लिहून देऊ, की चुकून पडला?"

"मग कसे लावले?"

"मुद्दाम लावले."

"का?"

मावशींनी टेप गळ्यातून काढली आणि बोटाला गुंडाळायला लागल्या. "माझी थोरली बहीण चौथ्या मजल्यावर होती. तिला तपासायला न्यायचे तेव्हा चष्मा काढायला लावायचे. गाऊनला खिसा नाही. हातात धरून ठेवायची. एक दिवस हातातून पडला, कुणाच्या तरी चाकाखाली गेला. नवीन यायला दहा दिवस लागणार होते. ती आठच दिवस होती. ते आठ दिवस कुणीही खाटेजवळ आलं की विचारायची, कोण? मी रोज जायचे. मला पण विचारायची, कोण."

बोटाला गुंडाळलेली टेप त्यांनी सोडली.

"म्हणून मुद्दाम लावले," त्या म्हणाल्या. "जुन्या चादरींचं चांगलं राहिलेलं कापड घेतलं. चष्मा मावतो. दात पण मावतात, पण दातांचा मी विचार केला नव्हता. तेवढं माझं चुकलं. तेवढं चुकून लिहा."

पुरस्करांनी कच्चं टिपण बघत पक्का जबाब लिहून काढला आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. वाक्य असं उतरलं होतं: "उपरोक्त खिसे मी हेतुपुरस्सर लावले." त्यांच्या हातून ते आपसूक उतरलं होतं. पुढे बहिणीची हकीकत होती, तीही बरीच आवरून.

सही करण्याआधी मावशींनी कागद मागून घेतला आणि वाचला. पुरस्करांच्या कारकिर्दीत असं करणारी ही तिसरी व्यक्ती.

"हे माझं नाही," त्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात ना, मुद्दाम लावले."

"मुद्दाम म्हणाले. हे नाही म्हणाले."

"अर्थ तोच आहे, मावशी."

"तोच आहे तर तुम्ही बदललात कशाला?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही नाही. मावशींनी कागद सही न करता परत दिला, टेप पुन्हा गळ्यात घातली आणि त्या उसवलेल्या अभ्र्यांकडे निघून गेल्या. सुनावणी शुक्रवारी होती.

त्या दिवशी पुरस्करांची दाढ ठणकत होती. घरी जेवायला बसल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या दाढेसाठी आज मुद्दाम मऊ शिजवलंय."

पुरस्करांचा घास हातातच राहिला. "हेतुपुरस्सर?"

"काय?"

"तू हे हेतुपुरस्सर मऊ शिजवलंस?"

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. "मी काय तुमच्यावर विषप्रयोग केलाय? मऊ शिजवलंय म्हटलं."

"म्हणजे तुला हा शब्द तिथे चालत नाही."

"मला तुमचं हे कचेरीतलं जेवताना चालत नाही. मुद्दाम करता ना असं? मी काही केलं की खोडी काढायची."

पुरस्करांनी घास ताटात ठेवला. एकाच बाईने, एकाच जेवणात, एकच शब्द दोनदा वापरला होता. पहिल्यांदा वापरला तेव्हा ती पाणी वाढत होती, दुसऱ्यांदा वापरला तेव्हा आपलं ताट उचलत होती. ते उठले, खिशातली वही काढली आणि दोन्ही वाक्यं तारीख घालून लिहून ठेवली. बायको त्या रात्री त्यांच्याशी बोलली नाही, आणि तेही तिने मुद्दाम केलं.

पुढचे दोन दिवस ते वही घेऊन इस्पितळभर फिरले. माणूस एखाद्या शब्दाच्या मागे लागला की तो शब्द पावलोपावली पायात येतो. चौथ्या मजल्यावरच्या नर्सने सांगितलं, म्हातारबुवा मुद्दाम घंटी वाजवतात. तीच नर्स पुढच्या वाक्यात म्हणाली, पण त्यांच्यासाठी मी खिडकीजवळची खाट मुद्दाम ठेवलीय. लिफ्टमन म्हणाला, दोन नंबरची लिफ्ट मुद्दाम माझ्याच पाळीत अडकते. हे वाक्य पुरस्करांनी लिहून घेतलं, पण वर्गवारीत बसवता आलं नाही. एक बाई भावाला भेटायला आली होती. ती दारातूनच म्हणाली, "मुद्दाम आले बरं का, इकडे काही काम नव्हतं." भाऊ हे ऐकून उशीवर सरकून बसला. पुरस्कर दारामागे उभे राहून तिच्या वाक्यात आपला शब्द घालून बघत होते. "मी हेतुपुरस्सर आले बरं का." असं म्हणणारी बहीण आली तर आजारी माणूस पांघरूण डोक्यावर ओढून घेईल.

बुधवारी संध्याकाळी त्यांना नियम सापडला. मुद्दाम म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न विचारून बघायचा: कुणासाठी? उत्तर आलं, तर ते एक मुद्दाम. त्यात माणूस वाट वाकडी करून, वेळ खर्चून दुसऱ्याचं काही करत असतो. उत्तर आलं नाही आणि त्याऐवजी 'कुणावर?' असं विचारावंसं वाटलं, तर ते दुसरं मुद्दाम, त्याला खुशाल हेतुपुरस्सर म्हणा. शब्द एकच, पण तो अर्ध्यावर तोडला की कुठला ते कळत नाही. 'कुणासाठी' हा त्याचा अर्धा भाग असतो. पुरस्करांना आपला नियम फार आवडला. परिपत्रक काढावं असंही मनात येऊन गेलं.

मग त्यांना मामांची आठवण झाली, आणि आवडणं तिथेच थांबलं.

पुरस्कर कच्च्या टिपणांच्या वह्या कधी टाकत नसत. रेकॉर्डच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, नऊ वर्षांपूर्वीची वही होती. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं, तरी वाचता येत होतं. मामा म्हणाले होते: 'फाटक मी मुद्दाम उघडं ठेवलं, त्या बाईसाठी. तिची आई वर शेवटच्या घटका मोजत होती. बाई लांबून येणार होती, तिची बस पाचच्या आधी पोचतच नव्हती.' पुरस्करांनी पक्का जबाबही काढला. 'सदर फाटक मी हेतुपुरस्सर उघडे ठेवले.' तिथे पूर्णविराम होता. आणि तिथे पानही संपलं होतं. पुढचं लिहायचं तर नवं पान घ्यावं लागलं असतं, त्यावर पुन्हा सही, पुन्हा शिक्का. पाचला दहा मिनिटं कमी होती आणि त्यांना घरी जायचं होतं. पुढचं सगळं 'विषयाशी असंबद्ध' म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. घाईत वाचून दाखवायचं राहिलं, आणि मामांनीही न वाचता सही केली होती, कारण लिहिणारा माणूस रोज चहाला बरोबर बसणारा होता.

पुरस्कर कपाटाशी उकिडवे बसून राहिले. त्यांना लाज वाटली. नियमाप्रमाणे लिहिलं, हे म्हणणं त्यांनी मनात उच्चारून बघितलं, पण ते मनातसुद्धा पुरं होईना.

शुक्रवारी सुनावणीला चौकशी अधिकारी म्हणून ज्या मॅडम होत्या, त्या नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांना सगळं मुदतीत आणि रकान्यात लागे. टेबलावर पुरावा म्हणून एक गाऊन घडी घालून ठेवला होता आणि त्याच्यावर, कागदी पिशवीत, कवळी. तिच्यावर हक्क सांगायला अजून कुणी आलं नव्हतं. मावशी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी खोलीतली भांडी खोक्यात भरून ठेवली आहेत, हे पुरस्करांना लाँड्रीत कळलं होतं.

"सातवा प्रश्न रिकामा आहे," मॅडम म्हणाल्या. "जबाबावर सही पण नाही."

"जबाब नवीन लिहिला आहे," पुरस्कर म्हणाले. "सही आत्ता होईल." त्यांनी कागद मावशींपुढे ठेवला. मावशींनी तो सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. 'खिसे मी मुद्दाम लावले, पेशंटसाठी. माझ्या बहिणीला चष्मा ठेवायला जागा नव्हती.' पुढे आठ दिवस होते, आणि 'कोण?' हा प्रश्नही होता. मावशींनी सही केली आणि पदर डोळ्याला लावला.

मॅडमनी कागद वाचला. "हे मुद्दाम म्हणजे (क), बरोबर?"

"नाही, मॅडम."

"मग (अ)?"

"नाही. यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. (ड) लागेल."

"फॉर्म छापील आहे."

"हो. म्हणूनच पंचाईत आहे."

मॅडमनी पेन बंद केलं. पुरस्करांनी वही उघडली आणि आपला नियम सांगायला सुरुवात केली. नर्स, म्हातारबुवा, भावाला भेटायला आलेली बहीण आणि दाढेसाठी मऊ शिजवलेलं जेवण, सगळं क्रमाने सांगितलं. लिफ्टमनचं वाक्य त्यांनी गाळलं. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत होते, की मॅडमना मधे अडवता आलं नाही.

"थांबा," शेवटी त्या म्हणाल्या. "आजवर जबाब देणाऱ्यांनी मुद्दाम म्हटलं की तुम्ही काय लिहीत होता?"

"हेतुपुरस्सर."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"मग आज तुमचं म्हणणं मान्य केलं तर तुम्ही आजवर चुकत होता, असं होईल. ते तुम्ही लेखी द्याल?"

पुरस्करांनी मावशींकडे बघितलं. मावशी कवळीकडे बघत होत्या. 'नाही' म्हटलं तर एकतीस वर्षं शाबूत राहत होती आणि मावशींची खोली जात होती. दुसरं उत्तर दिलं तर उलट होत होतं.

"देतो," ते म्हणाले.

मॅडम काटेकोर होत्या. त्यांनी खणातून एक कोरा फॉर्म काढला आणि पुरस्करांपुढे सरकवला. "मग हा तुमचा. सातवा प्रश्न भरा. चुकून, निष्काळजीपणे, की हेतुपुरस्सर?"

दुसऱ्यांपुढे हजारदा सरकवलेला तो फॉर्म पुरस्करांनी पहिल्यांदाच या बाजूने पाहिला. चुकून म्हणावं, तर शब्दांत चूक करण्यातला माणूस ते नव्हते. हेतुपुरस्सर म्हणावं, तर मामांचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्या मनात त्या वेळी फक्त पाच वाजले होते. त्यांनी (ब) वर खूण केली आणि खाली सही केली. मग मामांचा जबाब आणि नऊ वर्षांपूर्वीची कच्ची वही दोन्ही फॉर्मला जोडलं.

मॅडमनी दोन्ही वाचलं. "नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "फेरचौकशीची मुदत तीन वर्षांची असते. याचं आता मला काही करता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग जोडलंत कशाला?"

पुरस्करांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी दिलं नाही म्हणून मॅडमनी लिहूनही घेतलं नाही.

निकाल दुपारी लागला. शिवणमावशींचं कृत्य (अ), (ब), (क) यांपैकी कशातही बसत नसल्यामुळे चौकशी बंद करण्यात आली. यापुढे गाऊन धुण्याआधी खिसे तपासावेत, अशी सूचना लाँड्रीला गेली. याचा अर्थ खिसे राहणार होते. पुरस्करांना लेखी ताकीद मिळाली, आणि आठ महिन्यांनी मावशी जातील तेव्हा त्यांनाही बदलीवर जावं लागणार होतं. मावशी निवृत्तीच्या दिशेने, ते पेशंटच्या नोंदणी खिडकीच्या. मावशी जबाबाच्या खोलीत येऊन दारातच उभ्या राहिल्या. आभार मानणं त्यांना जमत नसावं. त्यांनी पुरस्करांच्या शर्टाकडे बोट केलं. "पेनांनी खिसा उसवलाय तुमचा. उद्या शर्ट आणा." एवढं बोलून त्या खोक्यातली भांडी परत मांडायला गेल्या.

चार वाजता पुरस्करांनी खोलीला कुलूप लावलं आणि पुढच्या फाटकाने बाहेर पडले. रस्ता ओलांडायला त्यांना फार वेळ लागला, कारण गाड्या नव्हत्या आणि थांबायला काही सबब उरली नव्हती.

मामा टपरीत कानस चालवत होते. केस सगळे पिकले होते. समोर टपरीला लागून एक बाक होता. पुरस्करांची सावली हातातल्या चावीवर पडली तेव्हा त्यांनी मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"कसली चावी?" त्यांनी विचारलं.

"चावी नाही करायची."

"मग? आज इकडून कसे? सहज?"

"नाही, मामा. मुद्दाम आलो."

कानस थांबली. "मुद्दाम," मामा म्हणाले. त्यांनी तो शब्द चाखून बघितल्यासारखा हळू उच्चारला. "तुम्ही मुद्दाम म्हणता? तुमच्याकडे त्याला दुसरा शब्द आहे ना?"

पुरस्करांनी वहीतलं एक पान फाडलं आणि बाकावर वही टेकून लिहायला बसले. मामांचंच वाक्य, पेन्सिलीच्या टिपणातलं, त्यांना पाठ झालं होतं. 'फाटक मी मुद्दाम उघडं ठेवलं, त्या बाईसाठी. तिची आई वर शेवटच्या घटका मोजत होती. बाई लांबून येणार होती, तिची बस पाचच्या आधी पोचतच नव्हती.' त्याखाली लिहिलं, 'वरील जबाब मी अर्धाच लिहिला होता,' आणि खाली सही केली. दुसऱ्यांच्या जबाबाखाली आजवर त्यांनी कधी स्वतःची सही केली नव्हती.

मामांनी हात पुसले, कागद घेतला आणि या वेळी मात्र वाचला. वाचताना ओठ हलत होते. 'त्या बाईसाठी' इथे ते थांबले आणि परत सुरुवातीपासून वाचलं.

"पोचली होती ती," ते म्हणाले. "वेळेवर पोचली. मला नंतर येऊन सांगून गेली." त्यांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "याचा आता काय उपयोग?"

"काही नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

"मुद्दाम," पुरस्कर म्हणाले.

मामांनी कुणासाठी ते विचारलं नाही. समोरच्या इस्पितळाच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी कानस खाली ठेवली, टपरीतून बाहेर आले आणि बाकावर बसले. पुरस्करांना जागा व्हावी म्हणून थोडे सरकून बसले.